नाशकात कूलर लागत नाही

माझं लग्न ठरलं तेव्हा भुसावळच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना नवऱ्याच्या नोकरीपेक्षा नाशकाच्या हवेचं जास्त कौतुक होतं. "नशीब काढलंस पोरी. आता उन्हाळ्यात आम्ही तुझ्याकडे येऊ," असं प्रत्येकीने बजावलं. आईने रुखवतात खिडकीला लावायचे वाळ्याचे दोन पडदे ठेवायला काढले होते, तेही मावशीने परत माळ्यावर टाकायला लावली. म्हणाली, "नाशिकला काय करायचेत? हसतील लोक."

भुसावळात उन्हाला आम्ही भीत होतो, आणि त्याची कुणाला लाज वाटत नव्हती. मार्च संपला की सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला ओला पंचा, घरी आल्यावर आधी सावलीत बसायचं आणि मगच पाणी. मी आठवीत होते तेव्हा आमच्या समोर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या काकू भर दुपारी बहिणीकडे पायी गेल्या आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून मोठमोठ्याने हसायला लागल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी गंमत झाली असेल. आई धावत गेली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि ओरडली, "हिला घाम नाही!" तोवर काकू खाली बसल्या होत्या. संध्याकाळी त्या गेल्या. त्यांचं हसणं आणि आईचं ते वाक्य मी विसरू शकले नाही. पण नाशकाला आले आणि त्याचा उपयोग संपला असं मला वाटलं.

माझे सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. तीस वर्षं त्यांनी आगीसमोर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, घर घेतलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. मी त्यांना बाबा म्हणत होते. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता: नोकरीत एकदाही लेट पंच झाला नाही याचा, आणि नाशिकच्या हवेचा. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी गच्चीवर नेऊन उभं करायचे. "समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट आहोत आपण. इथे उन्हाळा नावाला. घाम येतो का बघा!" पाहुण्यांना खरंच घाम यायचा नाही. संध्याकाळी गंगापूरच्या बाजूने वारा सुटायचा, आणि मीसुद्धा मनातल्या मनात म्हणायचे, गल्लीतल्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या.

पहिल्याच एप्रिलमध्ये मी कूलर घेऊ या म्हटलं होतं. बाबा हसले. "कूलर? नाशकात कूलर लागत नाही गं. भुसावळची माणसं उन्हाला फार भितात." नवराही हसला. मग मीही हसले आणि विषय संपला. पुढे पुढे हवा बदलत गेली हे सगळ्यांना दिसत होतं. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारी असा तापायचा की पंखा खाली गरम हवाच ढकलायचा. मी कधी बोलले तर बाबा म्हणायचे, "वर्षाची सरासरी काढ. सरासरीने नाशिक सौम्यच." मी म्हणायचे, "बाबा, डिसेंबरात निफाडकडे द्राक्षं गारठतात म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, आणि एप्रिलमध्ये आपल्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. याची सरासरी काढून काय करू?" त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच तर सरासरी काढायची." आमचा हा वाद दर उन्हाळ्यात व्हायचा, आणि त्यात कुणी रागवायचं नाही.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. सकाळची शाळा असते, साडेबारापर्यंत घरी येते. बाबा रोज दहाच्या सुमाराला बसने पंचवटीत भाजी आणायला जायचे. भाजी आमच्या दारातही येते, पण तिथल्या बाजारात घासाघीस करणं, घाटावर पाच मिनिटं टेकणं, ओळखीच्या गुरुजींशी दोन शब्द बोलणं हा त्यांचा दिवस होता. बाराला ते घरी असायचे. मी यायच्या आधी भाजी निवडलेली असायची.

मागच्या एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी सहाला मी निघताना ते खुर्चीत बसले होते. "डोकं जरा जड आहे," म्हणाले. चहा अर्धाच प्यायले होते. बीपीची गोळी मात्र घेतली होती. गोळी ते कधी चुकवत नसत. रात्रभर वारा पडला होता आणि घर पहाटेसुद्धा गार झालेलं नव्हतं. माझ्या तोंडावर आलं होतं की आज बाजारात जाऊ नका. पण मला ते वाक्य माहीत होतं, भुसावळची माणसं उन्हाला फार भितात. मी फक्त म्हटलं, "पाणी पीत राहा." आणि स्कूटीची किल्ली घेतली.

साडेबाराला आले तर दाराला कुलूप. माझ्या किल्लीने उघडलं. ओट्यावर भाजी नव्हती. फोन लावला तर तो टीव्हीच्या बाजूलाच वाजायला लागला. चार्जिंगला लावून विसरून गेले होते. मी स्वतःला सांगितलं, बस चुकली असेल. पाणी प्यायले. बाल्कनीत गेले तर कठड्याला हात लावता येईना. रस्ता पूर्ण मोकळा होता, एक कुत्रंसुद्धा नव्हतं. पाऊण वाजला. मला इस्त्रीवाल्या काकू आठवल्या, आणि मी चप्पल घालून खाली पळाले.

आमच्या बसस्टॉपला लागून उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ आहे. ते चालवणारी बाई सुरगाण्याकडची, नवऱ्याबरोबर हंगामापुरती इथे येते. बाबांना ती चांगली ओळखायची. मी विचारलं, "बाबा उतरले का हो बसमधून?"

"उतरलं की. झाला अर्धा तास." तिने घराच्या उलट दिशेला हात केला. "पण तिकडं गेलं. म्या हाक मारली, बाबा घर इकडं हाय, तर वळलंच नाय. आपल्याशीच बोलत व्हतं."

तिकडे म्हणजे एकलहऱ्याच्या रस्त्याला. तिकडे आमचं कुणी नव्हतं. पळतच मी घराकडे वळले. मी स्कूटी काढली. त्या रस्त्यावर तेव्हा एकही झाड उरलेलं नव्हतं. डोळ्यांवर अशी झळ येत होती की दोन्ही डोळे उघडे ठेवता येईनात. मी हळू चालवत होते आणि दोन्ही बाजूंच्या सावल्या बघत होते. कुठे दुकानाची पायरी, कुठे उभ्या ट्रकखालची जागा. प्रत्येक सावलीत ते असावेत असं वाटायचं, आणि प्रत्येक सावली रिकामी निघाली की भीती वाढायची. एका ठिकाणी रस्त्याकडेला काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं. मी ब्रेक दाबला. सिमेंटची रिकामी गोणी होती.

एका बंद गोदामाच्या भिंतीपाशी ते दिसले. उन्हातच उभे होते. सावली दहा पावलांवर होती आणि ते उन्हात उभे होते. हातात पिशवी होती, त्यातली कोथिंबीर काळपट होऊन बाहेर लोंबत होती. शर्टाची बटणं काढलेली होती, चेहरा लालबुंद झाला होता. मी पळत जाऊन म्हटलं, "बाबा, इकडे कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, पास घरी राहिला. गेटवर सोडत नाहीयेत. दोनची शिफ्ट आहे माझी."

मी त्यांचा हात धरला. तव्याला हात लागावा तसं झालं. कपाळ बघितलं, मान बघितली, काखेत हात घातला. सगळं कोरडं. आईचा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट आला की मी मागे वळून बघितलं. हिला घाम नाही.

"चला, सावलीत चला," म्हणून मी ओढायला लागले. त्यांनी मला ढकललं. एवढी ताकद कुठून आली कळेना. "लेट पंच होईल!" असं ओरडले, दोन पावलं टाकली, आणि पाय मुडपून खाली बसले. मग आडवे झाले. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत सावलीकडे नेलं. एक मोटार आली, मी हात केला, ती वेग कमी न करता गेली. दुसरी गेली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. तिसरी गाडी रिक्षा होती.

रिक्षावाले चाचा जुन्या नाशकातले, पांढऱ्या दाढीचे. काही न विचारता त्यांनी रिक्षा सावलीला लावली, बाबांना खांद्याकडून उचललं आणि म्हणाले, "ताई, पायाकडून धरा. कोणत्या दवाखान्यात न्यायचं?"

"आधी गुऱ्हाळावर. बर्फ पाहिजे."

"ताई, दवाखाना पहिला. बर्फाने काय..."

"चाचा, ते आत भाजतायत. दवाखाना वीस मिनिटं लांब आहे. गुऱ्हाळ वाटेवरच आहे. ऐका माझं."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यांनी एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा वळवली. दोन्ही बाजूंचे पडदे स्वतःच वर गुंडाळले, वारा लागावा म्हणून. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते अजून बोलत होते, प्रेशर किती, पाण्याची लेव्हल किती, असे आकडे पुटपुटत होते. मला वाटत होतं, हे बोलणं थांबावं. आणि मग ते थांबलं, तेव्हा मला कळलं की बोलत होते तेच बरं होतं.

गुऱ्हाळावरच्या बाईला मी हाक मारली तेव्हा तिने एकच क्षण आत बघितलं आणि गार पाण्याने भरलेली बादली उचलून सरळ त्यांच्या अंगावर ओतली. मग दुसरी. बारदानात गुंडाळलेली बर्फाची लादी तिने ऊस तोडायच्या कोयत्याने फोडली. मी माझ्या ओढणीत तुकडे बांधून त्यांच्या मानेला, काखेत, जांघेत लावायला लागले. एव्हाना पाच-सहा माणसं जमली होती. कुणी म्हणालं, "अहो, एकदम गार पाणी टाकू नका, झटका येईल." कुणी म्हणालं, "फीट आहे, चप्पल हुंगवा." एका माणसाने लिंबू सरबताचा ग्लास आणला आणि त्यांचं तोंड उघडून ओतायला लागला. मी त्याच्या हातावर फटका मारला. ग्लास खाली पडला. "शुद्ध नाही त्यांना! घशात अडकेल!" मी किंचाळले. तो माणूस चांगल्या मनाने आला होता. पण त्या क्षणी मला सगळीच माणसं शत्रू वाटत होती, कारण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं: ऊन? इथे? ऊन कसं लागेल?

"मी येतो तुमच्या संगं," गुऱ्हाळवाल्या बाईचा नवरा म्हणाला, पण बाईने त्याला बाजूला केलं आणि उरलेला बर्फ घमेल्यात घेऊन स्वतः माझ्या शेजारी चढली. वाटभर ती बाबांचे तळपाय बर्फाने चोळत होती आणि मी रिक्षातल्या एका पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होते. चाचा हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी बाबांच्या छातीकडे बघत होते. एकदा श्वास दिसला की पुढचा दिसेपर्यंत मी माझा श्वास धरून ठेवत होते. बिटको चौकात आम्ही सिग्नलला अडकलो. शेजारी एका स्कूटरवर दोन कॉलेजच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून हसत होत्या. त्यांच्या हसण्याने मला इस्त्रीवाल्या काकूंचं हसणं आठवलं आणि मी बाईचा हात घट्ट धरला. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "हाय, जीव हाय. पाय हलवला आत्ता."

दवाखान्यात परिचारिकेने ताप मोजला, परत मोजला, आणि आत धावली. एकशे सहा. एवढं सगळं गार करून. डॉक्टर तरुण मुलगी होती. दारातूनच तिने विचारलं, "ओलं कुणी केलं यांना?" मला वाटलं, आता ती रागवणार. मी म्हटलं, "मी. चुकलं का?" ती म्हणाली, "नाही. तसंच आणलंत म्हणून इथपर्यंत आलेत." आणि पडदा ओढून घेतला.

नवरा सिन्नरच्या कारखान्यात होता. त्याला फोन केला तर तो दोनदा म्हणाला, "ऊन लागलं? बाबांना? नाशकात?" तिसऱ्यांदा म्हणायला लागला तेव्हा मी फोन ठेवला. बाकावर बसले. चाचा रिक्षाचं भाडं न घेता बाहेर उभे होते. गुऱ्हाळवाली बाई माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. मला तेव्हा एकदम थंडी वाजायला लागली, दात वाजायला लागले. तिने रिकामं घमेलं बाजूला ठेवलं आणि माझी पाठ चोळत राहिली.

बाबा वाचले. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडं काम करेनाशी होतील की काय अशी वेळ आली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून मला ओळखलं आणि विचारलं, "भाजी कुठाय?" नवरा हसला आणि लगेच रडायला लागला. डॉक्टरने नंतर आम्हाला बसवून नीट सांगितलं: बीपीच्या गोळीने अंगातलं पाणी आधीच कमी होत होतं, वय झालेलं, वरच्या मजल्यावरचं तापलेलं घर, रात्री अंगाला विसावा नाही. "तुमच्या भुसावळात लोक सावध असतात," मी तिकडची हे कळल्यावर ती मला म्हणाली. "इथे बाहेर चाळीसच्या पुढे गेलं तरी लोक म्हणतात, आपल्याकडे छान हवा असते. असे पेशंट मी दर उन्हाळ्यात बघते." मग थांबून म्हणाली, "आणि आता हिवाळाही सांभाळा. एकदा हे झालं की शरीराला ऊन-थंडी दोन्हीशी जुळवून घेणं जड जातं."

हे तिने सांगायला नको होतं, असं मला अजून वाटतं. कारण मग बारा महिने मला भीती पुरायला लागली. घरी आम्ही कूलर आणला, गच्चीवर पांढरा रंग लावून घेतला, खिडक्यांना पडदे केले. बाबांनी कशालाच विरोध केला नाही. तो दिवस त्यांना आठवतच नाही. पंचवटीत बसमध्ये चढलो इथपर्यंत आठवतं, मग एकदम दवाखाना. मधल्या दोन तासांत ते कुठे होते ते फक्त मला माहीत आहे. गेटवर सोडत नाहीत म्हणाले होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते लोकांना सांगतात, "चक्कर आली होती जराशी." चालताना त्यांचा तोल जातो, बारीक अक्षर लिहिता येत नाही, पण डोकं शाबूत आहे.

डिसेंबरात एका पहाटे ते नेहमीसारखे बाल्कनीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर ओठ निळसर झालेले आणि बोलणं जड. मी कप खाली ठेवून त्यांना आत आणलं. रजई, गरम पाण्याच्या पिशव्या, नवऱ्याची धावपळ. अर्ध्या तासात ते ठीक झाले. "थंडी नाशकाचं भूषण आहे," असं काहीतरी पुटपुटले. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्या क्षणी मला कळलं की हे गाव सौम्य आहे की कडक हा प्रश्न आता माझ्यासाठी उरलेलाच नाही. धडधाकट माणसासाठी ते सौम्य असेलही. पण ज्याच्या अंगातला तो तोल गेला आहे, त्याला सकाळ आणि दुपार यांच्यामधलं अंतरसुद्धा कड्यासारखं असतं. आणि कुणाचा तोल कधी जाईल, हे सरासरी सांगत नाही.

शाळेतही माझं वागणं बदललं. मार्चमध्ये मी वर्गाला मैदानावर सोडत नाही. एकदा मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, कवायतीच्या तासाला मुलं वर्गात का? पालक विचारतात. आपल्या इथे काय एवढं ऊन?" मी त्यांना तव्यासारखा लागलेला तो हात कसा सांगणार? मी म्हटलं, "सर, कवायत सकाळी पहिल्या तासाला घेते." त्यांनी मान हलवली. मागून कुणीतरी शिक्षक हसले ते मला ऐकू आलं. मला लाज वाटली नाही.

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रसंग घडला. नवऱ्याने बाबांना विचारलं, "चला, पंचवटीत जाऊन येऊ. गाडीने नेतो. सकाळीच." वर्षभरात ते बाजारात गेले नव्हते. मला वाटलं, खूश होतील. ते उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, सकाळचं आठ वाजताचं, अगदी कोवळं. त्या उन्हाच्या पट्ट्यापाशी ते थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग टोपी काढली आणि मागे वळून म्हणाले, "आज नको. बाहेर कसं आहे, माहीत नाही."

इतकी वर्षं मी वाट बघत होते की त्यांनी उन्हाला भ्यावं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. तीस वर्षं आगीसमोर उभा राहिलेला तो माणूस उन्हाच्या पट्ट्याला बगल देऊन, भिंतीला हात लावत, परत आपल्या खुर्चीकडे निघाला होता. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. हात गार होता, आणि घामाने ओला होता. तो घाम आमच्या दोघांतल्या कुणाचा होता, ते मला नक्की सांगता येणार नाही.